नवखा चालक, धोक्याचे यंत्र आणि आपली भूमिका

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले ते तरुण आणि तरुणी विशीतली होती. मोटार चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो मुलगा सज्ञान होण्यास काही महिने अवकाश होता. बालन्याय मंडळाने त्याला जामीन देताना रस्ते अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले आणि साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या त्या मोटारीच्या कायम नोंदणीचे अवघे १,७५८ रुपये शुल्क भरलेले नव्हते, ही गोष्टही उघडकीस आली.

हा संताप रास्त होता. मात्र त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न बाजूला पडला. समजा, हीच घटना वर्षभरानंतर घडली असती आणि तोवर त्या मुलाने रीतसर परवाना काढलेला असता, तर वयाच्या मुद्द्यावर कायद्याला काय म्हणता आले असते? काहीच नाही. परवाना मिळाल्याच्या पहिल्याच रात्री शेकडो अश्वशक्तीची मोटार मित्रांनी भरून शहरातून नेण्यास आपला कायदा कोणतीही हरकत घेत नाही. मद्यपान आणि वेगमर्यादा यांचे नियम आहेत. पण ते वीस वर्षे गाडी चालविणाऱ्याला आणि काल परवाना मिळालेल्याला सारखेच लागू आहेत. म्हणून प्रश्न केवळ अल्पवयीनांचा नाही. नव्याने परवाना मिळालेल्या चालकांवर काही काळ कायदेशीर निर्बंध असावेत काय, असा तो प्रश्न आहे. त्यावर पुरोगामी चळवळीने भूमिका घेतली पाहिजे आणि ती होकारार्थी असली पाहिजे, असे मला वाटते. ती कोणत्या अटींवर होकारार्थी असावी, हेही तितक्याच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

आजचा कायदा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविता येत नाही. पन्नास सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीस सोळाव्या वर्षाची सवलत आहे, आणि ट्रक, बस, टॅक्सी अशा वाहतुकीच्या वाहनांसाठी विसाव्या वर्षाची अट आहे. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. चाचणी कशी होते हे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या आवारात अर्धा दिवस उभे राहिलेल्या कोणासही सांगावयास नको. एकदा पक्का परवाना हाती आला की सगळे टप्पे संपतात. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना शंभर सीसीच्या साध्या गाडीला चालतो, तसाच हजार सीसीच्या राक्षसी यंत्रालाही चालतो. रक्तातील मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम ही सर्वांना एकच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिशीपर्यंत वैध राहतो. म्हणजे अठराव्या वर्षी एकदा घेतलेल्या परीक्षेवर राज्यसंस्था बावीस वर्षे विसंबून राहते.

त्याच दुरुस्तीने १९९अ हे नवे कलम आणले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. या कलमातील एक तत्त्व महत्त्वाचे आहे: यंत्र ज्याच्या मालकीचे, त्याच्यावर जबाबदारी. पण हे तत्त्व अठराव्या वाढदिवसापाशी एकाएकी थांबते. अनुभवशून्य चालक मात्र त्या दिवशी बदलत नाही.

कामगार चळवळीचे जुने तत्त्व

आपल्यातील अनेकांना ‘निर्बंध’ हा शब्दच खटकतो. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या पिढीला तो खटकणे स्वाभाविकही आहे. परंतु निर्बंध आणि दडपशाही या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे कामगार चळवळीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? १९४८ च्या कारखाना कायद्यात चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी होती. अठरा वर्षांखालील कामगाराला धोकादायक यंत्रावर लावावयाचे असेल, तर त्याला यंत्राचे धोके पूर्णपणे समजावून दिलेले असले पाहिजेत आणि त्याने पुरेसे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे किंवा तो जाणकाराच्या देखरेखीखाली काम करीत असला पाहिजे, अशी अट त्या कायद्याच्या तेविसाव्या कलमात होती. गिरणीमालकांनी या प्रकारच्या तरतुदींना ‘करार करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला’ म्हणून जगभर विरोध केला. कामगार संघटनांनी त्या लढून मिळविल्या. तरुण कामगाराला त्या कलमाचा जाच वाटला असे कोणी म्हणत नाही. त्या कलमामुळे त्याची बोटे शाबूत राहिली.

मोटार हे देखील धोक्याचे यंत्र आहे. कारखान्यातील यंत्र बहुधा चालविणाऱ्यालाच इजा करते; रस्त्यावरील यंत्र ज्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही अशा माणसाचा जीव घेते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. कर्त्याला लाभ होतो आणि नुकसान तिऱ्हाइताच्या माथी पडते. केंब्रिजच्या पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली हा विचार पद्धतशीर मांडला. असा खर्च बाजार आपोआप वसूल करीत नाही, तेथे राज्यसंस्थेने हस्तक्षेप केला पाहिजे, हे भांडवलशाहीचे समर्थकही निदान पुस्तकात मान्य करतात.

आणि हा तिऱ्हाईत कोण आहे? केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पादचारी. मोटारींतून प्रवास करणाऱ्यांचा वाटा त्या मानाने फारच थोडा होता. मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील, म्हणजे घरातील कमावती माणसे होती. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अभ्यासात भारतातील गरीब कुटुंबांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कुटुंबांनी अपघातानंतर उत्पन्न घटल्याचे सांगितले. रस्ता सुरक्षा हा मोटारवाल्या मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, अशी समजूत आपल्या काही मित्रांत आहे. हे आकडे पाहिल्यावर ती टिकत नाही. जुलै २०२४ मध्ये वरळीत जी स्त्री महागड्या मोटारीखाली सापडून गेली, ती पतीसह ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून परतत होती, हे विसरता येणार नाही.

इतर देशांनी काय केले

न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याच्या परवान्याची पद्धत सुरू केली. प्रथम शिकाऊ परवाना. मग मर्यादित परवाना, ज्यात रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात एकट्याने गाडी चालविता येत नाही आणि अनुभवी चालक शेजारी असल्याखेरीज मित्रांना बसविता येत नाही. आणि त्यानंतर पूर्ण परवाना. १९९० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतील राज्यांनी ही पद्धत आपापल्या परीने स्वीकारली. ऑस्ट्रेलियात नव्या चालकाच्या गाडीवर विशिष्ट पाटी असते आणि त्याला मद्याचा एक थेंबही चालत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये पहिले वर्षभर ताशी ४५ मैलांची मर्यादा आली. मोटारसायकलींबाबत युरोपीय संघाने २०१३ पासून पायऱ्या ठरवून दिल्या: आरंभी १२५ सीसीपर्यंतची हलकी गाडी, नंतर मध्यम शक्तीची, आणि मध्यम गाडीचा दोन वर्षांचा अनुभव किंवा अधिक वय असेल तरच वाटेल त्या शक्तीची.

या निर्बंधांमागील तर्क सरळ आहे. नव्या चालकाचे अपघात रात्री अधिक होतात आणि बरोबर समवयस्क मित्र असले की आणखी वाढतात. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून त्याला गाडीपासून दूर ठेवावयाचे नाही. सोप्या परिस्थितीत अनुभव घेऊ द्यावयाचा आणि क्रमाने कठीण परिस्थितीकडे न्यावयाचे. पोहणे शिकविणारा कोणीही शहाणा माणूस मुलाला पहिल्या दिवशी पुराच्या पाण्यात उतरवीत नाही.

परिणामांविषयी मात्र भाबडेपणा नको. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कडक टप्पे असलेल्या राज्यांतून सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळले; पण अठरा वर्षांच्या चालकांचे १२ टक्क्यांनी अधिक आढळले. तेथील निर्बंध बहुतेक ठिकाणी अठराव्या वर्षी संपत होते. त्यामुळे अनेक मुले निर्बंध टाळण्यासाठी थांबून राहिली आणि अठराव्या वर्षी अनुभवाशिवायच रस्त्यावर आली, असा एक अर्थ त्यातून लावला गेला. आपल्या दृष्टीने हा धडा मोलाचा आहे. आपल्याकडे परवानाच अठराव्या वर्षी मिळतो. तेव्हा निर्बंध जन्मतारखेशी न जोडता परवाना मिळाल्याच्या तारखेशी जोडले पाहिजेत. पहिली दोन वर्षे सर्वच नवख्यांना ते लागू असावेत, मग तो अठरा वर्षांचा विद्यार्थी असो की चाळिशीत पहिली मोटार घेणारा कारकून. तरुणांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी भाषाही त्यामुळे टळते.

किमतीचा निर्बंध आणि नियमाचा निर्बंध

अनेकजण म्हणतील की, कायदा कशाला? विमा कंपन्या तरुण चालकाकडून जादा हप्ता घेतील आणि प्रश्न आपोआप सुटेल. ग्रेट ब्रिटनमध्ये बऱ्याच अंशी हेच घडले. टप्प्याटप्प्याच्या परवान्याची चर्चा तेथे वर्षानुवर्षे झाली. १९९५ च्या कायद्याने परवान्यानंतर दोन वर्षांत सहा दंडगुण झाल्यास परवाना रद्द होण्याची तरतूद आली, पण रात्रीचे किंवा सोबत्यांचे बंधन आले नाही. ते काम विम्याच्या बाजाराने आपल्या पद्धतीने केले. सतरा-अठरा वर्षांच्या चालकाचा वार्षिक हप्ता तेथे अनेकदा त्याच्या जुन्या गाडीच्या किमतीच्या घरात जातो. याचा परिणाम असा की ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो मुलगा मध्यरात्री मित्रांसह गाडी पळवितो, आणि पहाटेच्या पाळीला जाणारा कामगाराचा मुलगा गाडी घेऊच शकत नाही. धोका ज्याच्याकडून अधिक त्याला मोकळीक आणि गरज ज्याला अधिक त्याला बंदी, असा हा उफराटा न्याय आहे.

समाजवादी अर्थविचाराने शिधावाटपाच्या काळापासून एक गोष्ट सांगितली आहे. एखादी मर्यादा घालणे अपरिहार्यच असेल, तर ती किमतीने घालण्यापेक्षा सर्वांना समान असलेल्या नियमाने घालावी. रात्री अकरानंतर नवख्याने मित्रांनी भरलेली मोटार चालवू नये, हा नियम उद्योगपतीच्या मुलाला आणि शिपायाच्या मुलाला एकाच मापाने मोजतो.

आपल्याकडे ना किमतीचा निर्बंध आहे ना नियमाचा. तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याचे दर सरकार ठरविते आणि ते वाहनाच्या प्रकारावर व इंजिनाच्या आकारावर अवलंबून असतात. चालकाचे वय वा अनुभव त्यांत धरला जात नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार पंधराशे सीसीवरील खाजगी मोटारीचा वार्षिक हप्ता ७,८९७ रुपये होता, मग ती मोटार पंधरा लाखांची असो की दीड कोटीची. दंडाचेही तेच. १९९अ कलमाखालील पंचवीस हजारांचा दंड जुनी स्कूटर बाळगणाऱ्या शेतमजुराला कर्जाच्या खाईत लोटतो. बांधकाम व्यावसायिकाच्या तो खिजगणतीतही नसतो. फिनलंडने १९२१ पासून दंड उत्पन्नाशी जोडला आहे आणि तेथे वेगमर्यादा मोडणाऱ्या धनिकांना फार मोठ्या रकमा भराव्या लागल्या आहेत. आपल्याकडे खरे उत्पन्न शोधणे कठीण आहे, ही अडचण मी मान्य करतो. पण वाहनाची किंमत तर सरकारदरबारी नोंदलेलीच असते. महाराष्ट्रात खाजगी मोटारीवरील एकरकमी कर किमतीच्या टक्केवारीनेच आकारला जातो. कर ज्या पायावर आकारता येतो, त्याच पायावर दंड आकारण्यास कोणती तांत्रिक अडचण आहे?

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप पोलिसांच्या चिरीमिरीचा. प्रत्येक नवा नियम म्हणजे नाक्यावरील हवालदाराला नवे कुरण, असे कार्यकर्ते म्हणतात, आणि ते अनुभवाचे बोल आहेत. अडविला जातो तो नेहमी ट्रिपल सीट जाणारा वस्तीतला पोरगा. काळ्या काचांची मोटार सलाम घेऊन पुढे जाते. परंतु यातून निष्कर्ष काय काढावयाचा? किमान वेतनाचा कायदाही निरीक्षकांच्या हप्त्यांनी पोखरला गेला. म्हणून आपण तो कायदाच नको असे म्हटले नाही. नियमाची रचना अशी केली पाहिजे की त्यात हवालदाराच्या मर्जीला कमीत कमी वाव राहील. परवान्याची तारीख आणि वाहनाची मालकी या दोन्ही नोंदी आता संगणकावर आहेत. कॅमेऱ्याच्या आधारे चलान घरी येते. अपघात वा गुन्हा झाल्यावर या नोंदी जुळवून मालकाला नोटीस जाईल, अशी अंमलबजावणी नाक्यावरच्या झडतीपेक्षा कमी जाचक आणि अधिक परिणामकारक ठरेल.

दुसरा आक्षेप हक्काचा. घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने अठराव्या वर्षी मताचा अधिकार दिला. ज्याला सरकार निवडता येते त्याला रात्री गाडी चालविता येऊ नये काय? हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण मताधिकार हा नागरिकत्वाचा हक्क आहे आणि वाहन चालविणे हे कौशल्य सिद्ध करून मिळणारी अनुज्ञा आहे. म्हणून तर मतदाराची परीक्षा घेत नाहीत आणि चालकाची घेतात. ट्रक चालविण्यास विसाव्या वर्षाची अट आहे, म्हणून एकोणीस वर्षांचा तरुण दुय्यम नागरिक ठरला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. रस्त्यावर रात्री जे तरुण दिसतात ते सगळे मौजेसाठी निघालेले नसतात. कोणी खाद्यपदार्थांची खोकी पोहोचवितो, कोणी कारखान्याच्या तिसऱ्या पाळीला जातो, कोणी भाजी घेऊन पहाटेच्या बाजाराला निघालेला असतो. त्यांच्यावर सरसकट रात्रबंदी लादणे म्हणजे त्यांच्या भाकरीवर घाला घालणे होय. याचे उत्तर नियम सोडून देण्यात नाही. ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवावयाचे ते ठरविण्यात आहे. कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राची जबाबदारी कोवळ्या कामगारावर टाकली नव्हती, ती कारखानदारावर टाकली होती. त्याच न्यायाने, दहा मिनिटांत माल घरपोच देण्याच्या जाहिराती ज्या कंपन्यांनी केल्या, त्यांना नवख्या चालकाला पहिले वर्ष मध्यरात्रीच्या कामावर लावण्यास बंदी असावी. त्याच्या कमाईचा मिनिटांशी संबंध जोडण्यास बंदी असावी, आणि दिवसाची पाळी मागण्याचा त्याचा हक्क कायद्यात लिहिलेला असावा. यात कंपन्यांचा खर्च वाढेल, हे उघड आहे. आज तोच खर्च त्या मुलाच्या मोडलेल्या पायातून आणि त्याच्या घरच्यांच्या कर्जातून वसूल होतो.

बस नसेल तर निर्बंध अन्यायकारक

महाविद्यालयाच्या आवारातील सायकल-स्टँड गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोटारसायकल-स्टँड कसा झाला, हे माझ्या पिढीच्या प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. ही केवळ चैन नव्हे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीने खेड्यातील मुलांना शाळा-महाविद्यालयांच्या दारापर्यंत आणले. त्या एसटीकडे कोविडपूर्वी अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. महामारी आणि ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ हा प्रदीर्घ संप यांनंतर तो ताफा हजारोंनी आटला. मुलींना मोफत पास आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे. पण सायंकाळच्या तासानंतर गावाकडे जाणारी गाडीच नसेल, तर त्या सवलतीचा उपयोग काय? मग बाप कर्ज काढून मुलाला मोटारसायकल घेऊन देतो आणि दोन बहिणींना मागे बसवून तो अंधाऱ्या रस्त्याने निघतो. त्याला गुन्हेगार ठरविणारा कायदा अन्यायकारक होईल.

म्हणून नवख्यांवरील निर्बंध आणि सार्वजनिक वाहतूक या दोन मागण्या एकमेकींपासून अलग करता येणार नाहीत. ज्या तालुक्यात शेवटची एसटी रात्री दहापर्यंत नाही, तेथे शिक्षणासाठी वा रोजगारासाठी केलेल्या प्रवासास सोबत्यांच्या व रात्रीच्या बंधनातून सूट असलीच पाहिजे. शासनाला ती सूट रद्द करावयाची असेल तर शासनाने आधी बस द्यावी.

आपण काय मागावे

पहिली मागणी: परवाना मिळाल्यापासून दोन वर्षे प्रत्येक चालक ‘नवखा’ समजला जावा. या काळात मद्याची मर्यादा शून्य असावी, मोटारसायकल १२५ सीसीपर्यंतची असावी आणि मोटारीच्या शक्तीवरही मर्यादा असावी. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात अनुभवी चालक सोबत असल्याखेरीज मोटारीत एकाहून अधिक मित्र बसवू नयेत. दुसरी: १९९अ कलमातील मालकाच्या जबाबदारीचे तत्त्व या दोन वर्षांस लागू करावे आणि दंड वाहनाच्या किमतीच्या प्रमाणात असावा. तिसरी: नवख्यांना कामावर ठेवणाऱ्या कंपन्यांवर वर सांगितलेली बंधने घालावीत. चौथी: परवान्याची चाचणी शासनाच्या हाती राहावी आणि प्रामाणिक व्हावी. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांतून उत्तीर्ण झालेल्यांना चाचणीतून सूट देणारे नियम जुलै २०२१ पासून आले. शिकवणी देणारा आणि परीक्षा घेणारा एकच असेल आणि तो फी घेत असेल, तर नापास कोण होणार? पाचवी: एसटीचा ताफा आणि रात्रीच्या फेऱ्या वाढवाव्यात.

या मागण्यांना कोणताच सत्ताधारी पक्ष सहजी हात लावणार नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर वाढीव दंडांची अंमलबजावणी महाराष्ट्रात रोखली गेली होती. त्याच वर्षाच्या आरंभी पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आणि डोक्याचे रक्षण करणारी वस्तू नाकारणे म्हणजे अस्मिता, असा देखावा उभा राहिला. पुरोगामी म्हणविणारी मंडळीही त्या वेळी पोलिसी जाचाचे कारण सांगून मौन पाळून बसली. २०२२ साली हेल्मेट न घातल्यामुळे देशात पन्नास हजारांवर माणसे गेली, अशी सरकारी नोंद आहे. मौनाचे हे राजकारण आपल्याला परवडणारे नाही.

सुरुवात आपल्या घरापासूनच करता येईल. निवडणूक आली की सर्वच पक्ष मोटारसायकल फेऱ्या काढतात, आणि त्यांत डावे-समाजवादी पक्षही आले. झेंडे लावलेल्या गाड्यांवर विनाहेल्मेट, एकामागे दोघे, आणि त्यांतले काही तर मिसरूडही न फुटलेले. ती मुले कोणाची असतात? वस्तीतली, आपल्याच कार्यकर्त्यांची. पुढल्या जिल्हा बैठकीत प्रत्येक शाखेने ठराव करावा की परवाना आणि हेल्मेट नसलेल्या कोणालाही फेरीत घेतले जाणार नाही, आणि जमत नसेल तर फेरी पायी काढली जाईल. फेरी लहान दिसेल, वर्तमानपत्रांतले छायाचित्र फिके पडेल. तरीही हे केल्याशिवाय शासनाकडे आणि कंपन्यांकडे वरील मागण्या घेऊन जाण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळणार नाही.